पावत्यांच्या पाठीवर

माळा आवरताना युनियनची चार कोरी पावतीपुस्तके हाती लागली. वर संघटनेचे नाव आणि नोंदणी क्रमांक, मधे हिंदीत ‘सधन्यवाद प्राप्त’, खाली ‘कोषाध्यक्ष’ आणि सहीची रेघ. ती कोषाध्यक्ष मी. घरी मला ‘खजिनदारबाई’ म्हणत, तेही चिडवायला. संघटना केव्हाच संपली, पण कागद जाड आहे आणि मागची बाजू कोरी. एका पावतीवर मावेल एवढेच लिहायचे ठरवले होते. काही मजकूर मात्र दोन-चार पावत्या खाऊन बसला.

*

गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. घरात संप असावा, असे तिकडे वडीलधारे म्हणतात. मराठीत तोच शब्द काम बंद ठेवण्याला. आधी एकोपा होतो, मग काम बंद पडते, आणि मराठीने कारणाचे नाव परिणामाला देऊन टाकले. हिंदीतली हडताळ म्हणजे हाटाला ताळे, तो मुळात दुकानदारांचा शब्द. आपला हरताळही तोच. शिवाय पोथीतली चुकलेली अक्षरे झाकायला लावत तो पिवळा हरताळ वेगळा, त्याच्यावरून ‘हरताळ फासणे’ आले.

इंग्रजांच्या कायद्यात या एकोप्याला तिसरेच नाव होते. कट.

*

कलम १७ मला पाठ आहे. ट्रेड युनियन कायदा १९२६चा, अमलात आला १ जून १९२७ला. नोंदणीकृत संघटनेच्या सभासदांनी संघटनेच्या कायदेशीर उद्दिष्टांसाठी आपसांत काही ठरवले, तर तेवढ्यावरून त्यांना दंड संहितेच्या १२०-ब खाली कटाची शिक्षा होत नसे. ठरवलेली गोष्टच गुन्ह्याची असेल तर अर्थात सुटका नसे. पुढचे कलम १८ दिवाणी दाव्यापासून वाचवत असे.

हे कलम आकाशातून पडलेले नाही. १९१८मध्ये मद्रासला बी. पी. वाडियांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन निघाली. तिथल्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी वाडियांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर हायकोर्टातून मनाई हुकूम आणला. कामगारांना करार मोडायला फूस लावली, हा आरोप. म्हणजे संघटना काढणे हा नुकसानभरपाईचा दावा लागण्यासारखा उद्योग होता. १९२१मध्ये ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला की संघटनांची नोंदणी करून त्यांना संरक्षण द्या. कायदा व्हायला पाच वर्षे लागली.

जोशी गोरेगावचे. मुंबईतले नव्हे, रायगड जिल्ह्यातले. माझ्या आजोळापासून जवळ, म्हणून हा उल्लेख. बाकी त्याला काही महत्त्व नाही.

*

नोंदणी नव्हती तेव्हाही माणसे जमतच होती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अशा मागण्या. रविवार मिळाला १० जून १८९०ला. इतिहासाची पुस्तके लिहितात की लोखंड्यांच्या संस्थेला ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना नियमावली. सबब ती खरी ट्रेड युनियन नव्हे.

खजिनदार म्हणून मला ही हरकत समजते. रविवारी दुपारी झोपून उठल्यावर समजत नाही.

*

भोपाळचा या विषयाशी एक संबंध असा आहे जो भोपाळकरांनाच फारसा ठाऊक नसतो. भारतीय मजदूर संघ इथे स्थापन झाला, २३ जुलै १९५५ला. स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. तेव्हा मध्य प्रदेश हे आजचे राज्य झालेलेच नव्हते, भोपाळ वेगळे छोटे राज्य होते. तारीख निवडली टिळक जयंतीची. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली ती २२ जुलै १९०८च्या रात्री, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. ठेंगडी आधी काँग्रेसच्या इंटकमध्ये काम करून, शिकून आलेले. नव्या संघाला सुरुवातीला एकही संलग्न युनियन नव्हती. आधी पाटी, मग दुकान. पुढे सरकारी पडताळणीत सभासदसंख्येत हाच संघ पहिला आला.

माझे बाबा त्यांच्या विरुद्ध झेंड्याचे. तरी ते म्हणत, “माणूस पावतीपुस्तकाला जपायचा.” बाबांच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

*

बाबा १९६२ साली नागपूरहून भोपाळला ‘हेवी’त, म्हणजे हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, लागले. भेल हे नाव नंतरचे, आणि त्यावर चटणीचे विनोद त्याहून नंतरचे. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आम्हा पोरांना ‘वेज रिव्हिजन’ हा शब्द ‘दिवाळी’इतकाच ओळखीचा होता. पाळी सुटताना गेट मीटिंग व्हायची. सायकली हातात धरून माणसे उभी, एक पाय पॅडलवर, भाषण रंगले तर दुसराही खाली. सरकारी कारखान्यात युनियन असणे म्हणजे पाऊस येणे. कुणी त्याबद्दल परवानगी विचारत नव्हते. खासगीत गेल्यावर कळले की पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही.

*

जानेवारी १९८२. त्या महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. आमच्या मामांची चिठ्ठी आली, लालबागहून. सगळ्या मराठी घरांचे कान मुंबईकडे. कामगार सामंतांबरोबर, पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. माणसे एकीकडे, शिक्का दुसरीकडे.

त्याच महिन्यात आमच्या घरापासून काही मैलांवर, युनियन कार्बाइडच्या कारखान्यात, फॉस्जीन गळून २४ कामगार दवाखान्यात गेले. आम्हाला पत्ताही नव्हता.

*

हे टिपण लांबणार आहे.

डिसेंबर १९८१ : कार्बाइडमध्ये फॉस्जीनने एक कामगार मेला. जानेवारीत ते चोवीस जण. फेब्रुवारीत मिथाइल आयसोसायनेटची गळती, १८ बाधित. मे महिन्यात कंपनीच्याच अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकाने ६१ धोके नोंदवले, त्यांतले ३० मोठे. ऑक्टोबरात पुन्हा गळती, या वेळी वस्तीपर्यंत.

युनियनने काय केले? जे युनियनला करता येते ते सगळे. निवेदने दिली, निदर्शने केली. भिंतींवर भित्तिपत्रके लावली की हजारो कामगारांचे आणि शहराचे प्राण धोक्यात आहेत, सावध व्हा. एकाने पंधरा दिवस उपोषण केले, त्याला कामावरून काढले. पुढाऱ्यांनाही काढले. पत्रकार राजकुमार केसवानी ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात १९८२च्या सप्टेंबरपासून लिहीत होते, ते कामगारांकडून मिळालेल्या माहितीवर. त्या डिसेंबरात विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा कामगारमंत्र्यांनी सांगितले की कारखान्यात पंचवीस कोटी गुंतलेले आहेत, तो काही दगड नव्हे उचलून दुसरीकडे ठेवायला, आणि भोपाळला धोका नाही.

उत्तर कामगारमंत्र्यांनी द्यावे, याकडे मी परत परत येते.

भित्तिपत्रकाचे पुढे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. खळ पातळ झाली तर दुपारच्या उन्हात वरचा कोपरा सुटतो. मग त्यावर सिनेमाचे पोस्टर चिकटते. सिनेमावाल्यांची खळ चांगली असते.

दरम्यान कारखाना तोट्यात, म्हणून काटछाट. मिथाइल आयसोसायनेटच्या विभागात एका पाळीत बारा ऑपरेटर असत, त्यांचे सहा झाले. नोव्हेंबर १९८४च्या अखेरीस रात्रपाळीचा देखभाल पर्यवेक्षकही काढला. प्रशिक्षणाचा काळ घटला, सूचनापुस्तके इंग्रजीत. गळती ओळखायचे खरे यंत्र म्हणजे कामगाराचे डोळे. चुरचुरले की समजायचे. इतक्यांदा चुरचुरत की त्यात विशेष काही वाटेनासे झाले होते. २ डिसेंबरच्या रात्री साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरले. कळवले. पाण्याची गळती असेल, चहानंतर पाहू, असे ठरले. चहा संपला तेव्हा पाऊण वाजत आला होता, आणि वायू शहरावर पसरू लागला होता.

पाइप धुताना पाणी टाकीकडे जाऊ नये म्हणून मधे बंदीचा पत्रा सारायचा असतो, तो कुणी सारायला सांगायचा, हा प्रश्न नंतर वर्षानुवर्षे चर्चिला गेला. ज्याच्या कामाचा तो भाग, त्याची जागाच आठवड्यापूर्वी रद्द झालेली.

*

कंपनीचे म्हणणे शेवटपर्यंत वेगळे राहिले : एका नाराज कामगाराने टाकीत मुद्दाम पाणी सोडले. १९८८मध्ये त्यासाठी सल्लागार संस्थेचा अहवालही आला. त्या कामगारावर खटला मात्र कधी उभा राहिला नाही. ७ जून २०१०ला शिक्षा झाली ती भारतीय कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना, दोन-दोन वर्षे, आणि लगेच जामीन.

दोन वर्षे ओरडणारे सगळे कामगार मिळून कुणाला दिसले नाहीत. नाराज असलेला एकटा मात्र अंधारातही दिसला.

*

आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांनी १९८५मध्ये आपले पथक भोपाळला पाठवून अहवाल काढला. कारखान्यातलेच एक ऑपरेटर टी. आर. चौहान यांनी पुढे आतली हकीकत पुस्तकात मांडली. कारखाना बंद झाला आणि सहाशेच्या वर लोकांची नोकरी गेली. गॅसपीडितांच्या यादीत नाव, बेकारांच्या यादीतही. टाकीतले उरलेले मिथाइल आयसोसायनेट संपवायला १६ डिसेंबर १९८४ला ‘ऑपरेशन फेथ’ झाले. कारखाना चालवला याच कामगारांनी. शहर सोडून लोक पळत होते तेव्हा हे आत.

*

आता आमचे. ज्या कंपनीत मी होते तिचे नाव लिहीत नाही. गोविंदपुऱ्यात असल्या शंभर आहेत. पॅकिंगचे काम, निम्म्या बाया. कायद्याला सात जणांचा अर्ज लागतो. २००१च्या दुरुस्तीने त्यात भर पडली : दहा टक्के किंवा शंभर कामगार, जे कमी असेल ते. आम्ही जमलो एकोणीस. निबंधकाच्या कचेरीत पाच चकरा, आणि एक दिवस प्रमाणपत्र आले. मी फ्रेम करून आणले, स्वतःच्या पैशाने.

मागणीपत्र घेऊन आम्ही तिघे मॅनेजरसाहेबांकडे गेलो. गृहस्थ उठून उभे राहिले. “यूनियन बन गई? बहुत अच्छी बात है. बधाई.” चहा मागवला. मागणीपत्र टेबलावर होते, त्यावर त्यांनी आपला ग्लास ठेवला. बोलणे सगळे हवापाण्याचे. निघताना पाहिले, ‘मागणी क्रमांक ३ : महिलांसाठी स्वच्छतागृह’ यावर चहाचे गोल वर्तुळ उमटले होते. पोच द्यायला त्यांच्या शिपायाने नकार दिला. रजिस्टर पोस्टाने पाठवले, तर पोचपावतीचे कार्ड सही होऊन आले, उत्तर आले नाही.

यात बेकायदा काही नव्हते. १९२६च्या कायद्याने संघटना काढायचा हक्क दिला, तिच्याशी बोलायचे बंधन मालकावर घातले नाही. १९४७मध्ये तशी दुरुस्ती झाली होती, सक्तीची मान्यता देणारी. मंजूर झाली, छापली गेली, आणि अमलात कधी आलीच नाही. महाराष्ट्राने १९७१मध्ये आपला वेगळा कायदा करून ३० टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यतेची वाट करून दिली. मध्य प्रदेशात १९६०चा कायदा, मुंबईच्या १९४६च्या कायद्याच्या घराण्यातला. सुप्रीम कोर्टाने १९६१मध्येच सांगून ठेवले होते की राज्यघटनेच्या १९व्या कलमाने संघटना काढायचा हक्क मिळतो, त्यामागून बोलणीचा किंवा संपाचा हक्क आपोआप येत नाही.

लग्न लागले, पण सासरच्यांनी उंबऱ्याच्या आत घ्यायचे की नाही हे त्यांच्या मर्जीवर. माझी मैत्रीण म्हणाली होती ते वाक्य. ती पुढे ठेकेदाराकडे गेली, मग बाकीच्याही, आणि एकोणीसचे चार झालो.

*

वर्गणी. १९२६च्या कायद्याने किमान दर बांधून दिला होता : ग्रामीण मजुराला वर्षाला १ रुपया, इतर असंघटितांना ३, बाकीच्यांना १२. आम्ही महिन्याला पाच घेत होतो. सगळ्यात नियमित देणारी बाई तीच, जिचा पगार सगळ्यात कमी. पाचची नोट ती पदराच्या गाठीतून काढायची आणि पावती तिथेच परत बांधायची. वाचता येत नव्हते. एकदा चुकून पावती द्यायची राहिली तर दुसऱ्या दिवशी गेटवर उभी, “दीदी, मेरा कागज?”

*

१९८६. गॅसनंतर सरकारने बायकांसाठी शिवणकामाची आणि इतर कामांची केंद्रे उघडली, थोड्या दिवसांत बंद करायला काढली. त्या बायकांतून अब्दुल जब्बारांच्या मागे ‘भोपाल गॅस पीडित महिला उद्योग संगठन’ उभे राहिले. नावात ‘उद्योग’ आहे, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. त्यांची घोषणाच अशी की खैरात नको, रोजगार द्या. यादगार-ए-शाहजहानी बागेत दर आठवड्याला सभा. बुरखे, नऊवारी नव्हे पण आपल्याकडच्यासारख्याच वापरून विरलेल्या सुती साड्या, औषधांच्या पिशव्या. मी दोनदा गेले आहे. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर फायली ठेवलेल्या होत्या.

१९८९च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली तेव्हा याच संघटनेने सुप्रीम कोर्टात आव्हान दिले. पैसे वाढले नाहीत, पण १९९१मध्ये फौजदारी खटले पुन्हा जिवंत झाले. जब्बारभाई १४ नोव्हेंबर २०१९ला गेले. पद्मश्री नंतर जाहीर झाली.

दुसरी संघटना तर सरळ युनियनच. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला १९८६मध्ये स्टेशनरीच्या कामावर भेटल्या. रशीदा बी पडद्यातून पहिल्यांदा बाहेर पडलेली. मजुरी नीट मिळेना, म्हणून दोघींनी ‘भोपाल गॅस पीडित महिला स्टेशनरी कर्मचारी संघ’ काढला. १९८९मध्ये बायका भोपाळहून दिल्लीला पायी निघाल्या, साडेसातशे किलोमीटर, पंतप्रधानांना निवेदन द्यायला. पंढरीची वारी पाहिलेल्या माझ्या आईने हे ऐकून एवढेच विचारले, “मुक्कामाला जेवण कोण घालत होतं?” वारीत दिंडीमागे गाडी असते, वाटेतली गावे भाकरी घेऊन उभी असतात. वारीसारखी ही वाट मळलेली नव्हती.

पुढे २००२मध्ये दिल्लीत १९ दिवसांचे उपोषण. कार्बाइड विकत घेणाऱ्या डाऊ कंपनीला देण्यासाठी गावोगावच्या बायकांकडून झाडू गोळा केले. २००४मध्ये दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशातून चिंगारी ट्रस्ट. गॅसच्या आणि दूषित पाण्याच्या झळा लागलेल्या घरांतल्या अपंग मुलांसाठी तिथे उपचार चालतात.

मला यातली अडचणीची बाजू जास्त ओढते. या बायकांचा मालक कोण? केंद्र चालवणार सरकार, शिकवणारे कुणी वेगळे, माल घेणारे कुणी तिसरे. १९७२च्या आधी अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्वयंरोजगारी बायकांच्या संघटनेलाही निबंधकांनी हेच विचारले होते : तुम्हाला मालकच नाही, मग भांडणार कुणाशी? इला भट्टांचे म्हणणे पडले की संघटना मालकाच्या विरुद्ध नसते, कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली. गुजरातीतला ‘संप’ तो हाच.

*

मुंबईत रोजंदारीची माणसे नाक्यावर उभी राहतात, भोपाळात पीठ्यावर. सकाळी सातला थैलीत करणी आणि ओळंबा घेऊन. दहा वाजेपर्यंत कुणी नेले नाही तर घरी. जहांगीराबादेत नीलम पार्कला धरणे धरतात. तिथे सगळे येतात : अंगणवाडीच्या बायका, अतिथी शिक्षक, गॅसपीडित. पीठ्यावरचे येत नाहीत. धरण्याला बसले तर त्या दिवसाची भाकरी नाही, एवढे साधे.

*

२१ नोव्हेंबर २०२५पासून नवी औद्योगिक संबंध संहिता. १९२६चा कायदा तिच्यात विरघळला. जवळजवळ शंभर वर्षे जी गोष्ट मिळाली नाही ती आता कलमात आहे : ५१ टक्के सभासद असतील ती संघटना बोलणी करणारी. त्याच वेळी कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस, जी पूर्वी सार्वजनिक सेवांपुरती होती; आणि निम्म्या लोकांनी एकदम किरकोळ रजा टाकली तर तोही संप. रजेचा अर्ज टाकायचा आणि पोट दुखते म्हणायचे, हा आमचा जुना हातखंडा संपला.

१९८२ला ही संहिता असती तर कार्बाइडच्या कामगारांनी टाकीकडे बोट दाखवून १४ दिवसांची नोटीस दिली असती. दिलेल्या निवेदनांहून ती वेगळी ठरली असती असे मला वाटत नाही. बाबा असते तर या वाक्यावर वाद घातला असता.

*

आमच्या इमारतीखाली डिलिव्हरीची मुले बसतात, कडुनिंबाच्या सावलीत, मोबाइल मांडीवर. त्यांतला एक मला भाजी वर आणून देतो. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. भागीदाराला नफ्यातला वाटा असतो. यांना पंक्चरचा खर्च असतो. दर कापले म्हणून सात-आठ जण परवा एक दिवस बंद राहिले, तर दुसऱ्या दिवशी दोघांचे खाते बंद. दाद मागायला साहेब नाही, गेट नाही, शिपाई नाही. निदान आमच्या मागणीपत्रावर चहाचा ग्लास तरी ठेवला होता कुणी.

तो काल विचारत होता, “आंटी, यूनियन में कितने लोग लगते हैं?”

सांगितले. त्याने बोटे मोजली. मी वरून एक पावतीपुस्तक आणून दाखवले, दोन पानांमध्ये कार्बन कसा घालायचा तेही. त्याने कार्बन उलटा घातला आणि आकडा पहिल्याच पावतीच्या पाठीवर उमटला. मग वर्गणी किती ठेवायची, म्हणाला.

“जुन्या कायद्याने बारा.”

“महीने के?”

“साल के.”

तो हसला. तेवढ्यात मोबाइल वाजला आणि पावतीपुस्तक माझ्या हातात देऊन तो गाडीला किक मारायला पळाला.